दहाच्या आत

शनिवारी संध्याकाळी कादरी सर शब्द देतात.
उर्दू शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले.
चहाच्या ग्लासाखालची चिठ्ठी अशी सरकवतात
की पेपरच फुटलाय.

मग आठ दिवस त्या शब्दाचे.
‘वर्तुळ’ होता तेव्हा कुशावर्ता भाकरी थापत होती.
म्हणालो, थांब, तव्यावर टाकू नको, उजेड येऊ दे.
"मंग उजेडच खावा आज," ती म्हणाली.
‘पिवळा’ होता तेव्हा अख्खं जालना पिवळं झालं,
एसटीडीची विटकी पाटी, हळकुंडांची पोती,
कावीळ झालेला मेव्हणा.
मेव्हण्याचा फोटो काढला नाही.
काढावासा वाटला, हे खरं.

आम्ही सहाजण. दातांच्या डॉक्टर लुणावत मॅडम,
त्यांचा कॅमेरा माझ्या मोटारसायकलीहून महाग.
बियाणे कंपनीतला वैजनाथ
मोबाईलवरच काढतो, आणि तोच जिंकतो.
माझा सेकंडहँड. लेन्समध्ये बुरशीचा ठिपका,
आभाळ घेतलं की दिसतो.

आणि एका शनिवारी शब्द निघाला, वजन.
मला हसूच आलं.
सव्वीस वर्षं एमआयडीसीत काट्यावर बसलोय,
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
वजाबाकी, पावती, सही.
हे तर घरचंच कार्य!
सळयांचे ट्रक काढले, दबलेले टायर काढले,
भंगाराचा घास धरून लटकलेली क्रेन काढली.
बुधवारी सरांना दाखवले.
चष्मा कपाळावर चढवून ते बघत राहिले.
"मुंजाजी, ये तो आकडा है.
वजन किधर है?"

गुरुवारी दुपारी गाड्यांची लाईन तुटली होती.
यार्डात एक पोरगी
दोरीला लोहचुंबक बांधून फिरत होती,
कुत्रं फिरवावं तसं.
चुंबकाला लोखंडाची लव फुटलेली,
चुरा, खिळे, बेअरिंगची एक गोळी.
मग ती साठ टनी काट्यावर चढली,
बरोब्बर मधोमध पोतं ठेवलं
आणि स्वतः खाली उतरली,
ड्रायव्हर उतरतात तशी.
बघून बघून शिकलेली.
"काका, किती भरलं?"

आमचा काटा वीस-वीस किलोनं चढतो.
दहाच्या आतलं त्याला कळतच नाही.
लाल दिव्यात पाच शून्यं.
उजेड मिलच्या शेडखालून तिरपा आलेला,
पोत्याहून पोत्याची सावली लांब.
मी आधी फोटो काढला.
आधी फोटो.
मग बाहेर येऊन पोतं उचललं,
हातात जरा झुलवलं.
"साडेसहा," म्हणालो.
सव्वीस वर्षांत हातानं केलेलं पहिलं वजन.
"भंगारवाला पाचच म्हणतो," ती म्हणाली,
"रोज पाच."
आणि पोतं डोक्यावर घेऊन निघाली,
मागं चुंबक जमीन हुंगत.

शनिवारी माझा फोटो पहिला आला.
लुणावत मॅडम म्हणाल्या, "काय फ्रेम आहे!"
वैजनाथनं टाळी दिली.
सरांनी फोटो पुन्हा एकदा हातात घेतला,
काही बोलले नाहीत, चहा सांगितला.
साडेसहा आणि पाच, हे मला सांगायचं होतं.
तेवढ्यात चहा आला, आणि भजीही.

नवा शब्द, ‘हिरवा’.
मे महिन्यात, जालन्यात!
सगळे हसले, मीही.
सोमवारपासून शोधतोय,
थोडा सापडलाही, कूलरच्या गवतावर,
पोस्टाच्या मागच्या गळक्या नळाखाली.

पण दोन गाड्यांच्या मध्ये काटा मोकळा असतो,
आणि शेजारी शिकायला ठेवलेला नवा पोरगा विचारतो,
"शून्य दिसलं की काट्यावर काहीच नसतं ना, काका?"

हो म्हणायला मला
जरा वेळ लागतो.